हबच्या उंबरठ्यावर : डायरेक्ट कनेक्टच्या प्रवेशरीतींचा इतिहास

संगणकांच्या जाळ्यावरून फाइलींची देवाणघेवाण करण्याच्या ज्या पद्धती विसाव्या शतकाच्या अगदी अखेरीस उदयाला आल्या, त्यांपैकी ‘डायरेक्ट कनेक्ट’ या पद्धतीत नवागताला काही अटी पुऱ्या केल्याशिवाय आत घेतले जात नसे, आणि या अटींपैकी थोड्याच यंत्राच्या गरजेतून आलेल्या असत, बाकीच्या माणसांनी विचारपूर्वक घातलेल्या असत. ‘पीअर-टू-पीअर’ ही संज्ञा अशा व्यवस्थेसाठी वापरली जाते की जिच्यात एखाद्या मोठ्या मध्यवर्ती संगणकावर माल साठवून तेथून तो सर्वांना पुरवला जात नाही, तर प्रत्येक सहभागी संगणक एकाच वेळी घेणारा आणि देणारा असतो. या व्यवस्थेतही कोणाकडे काय आहे हे कळण्यासाठी एकत्र जमण्याची एखादी जागा लागतेच, आणि डायरेक्ट कनेक्टमध्ये या जागेला ‘हब’ म्हणत. हबवर स्वतःची एकही फाइल नसे. तेथे फक्त उपस्थितांची नामावली, गप्पांचा फलक आणि शोधाची हाक सर्वांपर्यंत पोहोचवण्याची सोय एवढेच असे. हबमध्ये पहिले पाऊल टाकताना वापरकर्त्याला ज्या पायऱ्या चढाव्या लागत, त्यांतील जवळजवळ प्रत्येक पायरीमागे या जाळ्याच्या इतिहासातला एखादा तंटा किंवा एखादी अडचण दडलेली आहे.

या पद्धतीचे पूर्वज शोधायचे तर फिनलंडमधील औलू येथे यार्को ओइकारिनेन यांनी १९८८ साली सुरू केलेल्या ‘आयआरसी’ या गप्पांच्या जाळ्यापर्यंत मागे जावे लागते. तेथे ‘चॅनल’ नावाच्या खोल्या होत्या, खोलीचा बंदोबस्त पाहणारे ‘ऑपरेटर’ होते, आणि दोन सदस्यांनी सर्व्हरला वगळून परस्परांना थेट फाइल पाठवण्याची सोयही पुढे तेथे आली. १९९९च्या जूनमध्ये शॉन फॅनिंग यांचे ‘नॅप्स्टर’ अवतरले आणि संगीताच्या फाइली शोधणे सर्वसामान्यांच्या आवाक्यात आले. मात्र नॅप्स्टरच्या मध्यवर्ती सर्व्हरांवर सगळ्या फाइलींच्या नावांची सूची ठेवलेली होती आणि हीच सूची पुढे न्यायालयात त्या कंपनीच्या अंगावर आली. डायरेक्ट कनेक्ट या दोहोंच्या मधल्या जागेत जन्मले, म्हणजे खोली, ऑपरेटर आणि गप्पा आयआरसीच्या वळणाच्या, तर शोध आणि फाइलींची ने-आण नॅप्स्टरच्या वळणाची.

जॉन हेस या अमेरिकन विद्यार्थ्याने शाळेत शिकत असतानाच नोव्हेंबर १९९९ मध्ये ‘निओमोडस’ या आपल्या कंपनीच्या नावाने हा कार्यक्रम प्रसृत केला आणि त्याचा खर्च कार्यक्रमात दिसणाऱ्या जाहिरातींतून भागवण्याची योजना केली. जाहिराती दिसायच्या तर लोकांनी मूळ कार्यक्रमच वापरायला हवा, हे उघड होते. तेव्हा ‘डीसीलाइट’ नावाचा परका क्लायंट, म्हणजे वापरकर्त्याच्या संगणकावर चालणारा आणि हबशी बोलणारा पर्यायी कार्यक्रम, पुढे येताच हेस यांनी जोडणीच्या आरंभी कुलूप-किल्लीची एक परीक्षा बसवली : हबने अक्षरांची एक माळ ‘कुलूप’ म्हणून पाठवायची आणि क्लायंटने ठरावीक आकडेमोड करून तिची ‘किल्ली’ परत द्यायची. ही आकडेमोड इतकी साधी होती की ती लवकरच उलगडली गेली आणि परके क्लायंट पुन्हा आत आले. गंमत अशी की ज्या कामासाठी कुलूप बसवले ते काम संपल्यावरही कुलूप मात्र प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे दोन संगणकांनी परस्परांशी बोलण्याच्या ठरलेल्या रीतीत, वर्षानुवर्षे तसेच राहिले आणि प्रत्येक नवागताचा संगणक त्याला न कळत हा निरर्थक विधी पार पाडत राहिला.

या जुन्या प्रोटोकॉलची घडण एका विद्यार्थ्याने घाईने उभारलेल्या मांडवासारखी होती. प्रत्येक आज्ञा डॉलरच्या चिन्हाने सुरू होई आणि उभ्या रेघेने संपे. त्यामुळे गप्पांत कोणी उभी रेघ लिहिली तर वाक्य तिथेच तुटण्याचा धोका असे. हबचा नेहमीचा पोर्ट, म्हणजे संगणकाच्या असंख्य क्रमांकित दारांपैकी हबने उघडे ठेवायचे दार, ४११ हा होता. अमेरिकेत दूरध्वनी क्रमांकांची चौकशी करण्यासाठी ४११ हाच आकडा फिरवला जातो आणि हबचे कामही चौकशीच्या खिडकीचेच होते, तेव्हा हा निव्वळ योगायोग असेल असे मानणे जड जाते. नवागताला हबचा पत्ता कोणाकडून तरी मिळवावा लागे किंवा सार्वजनिक हबांच्या याद्यांतून निवडावा लागे. त्यानंतर ‘निक’, म्हणजे टोपणनाव, सांगायचे, आणि ते नाव दुसऱ्या कोणी घेतलेले नसेल तर हब त्याची वर्दी उपस्थितांना देई.

येथवरचा प्रवेश यांत्रिक होता. खरी परीक्षा यानंतरची, आणि ती ‘शेअर’ची. शेअर म्हणजे आपल्या संगणकातील जे फोल्डर आपण इतरांसाठी खुले करतो त्यांची एकूण मात्रा; ती प्रत्येकाच्या नावापुढे सर्वांना दिसेल अशी लिहिलेली असे. बहुतेक हबांनी किमान शेअरची अट घातली होती, आणि ती पुरी न करणाऱ्याला हब एक तर बाहेर काढे किंवा कमी अटीच्या दुसऱ्या हबकडे धाडून देई. यामागचा तर्क ग्रामीण महाराष्ट्राला अनोळखी नाही. पेरणी-नांगरणीच्या दिवसांत शेतकरी एकमेकांच्या शेतावर बैल आणि हात घेऊन जात त्या सावडीच्या रीतीतही, ज्याच्याकडे आणण्यासारखे काहीच नाही त्याला फेऱ्यात जागा मिळणे अवघड असे. फरक एवढाच की सावडीत केलेले काम मोजले जाई, तर हबच्या दारात जवळ असलेली मालमत्ता मोजली जाई. ती मालमत्ता प्रत्यक्षात कोणाला दिली जाते की नाही, हे त्या आकड्यावरून कळत नसे. डायरेक्ट कनेक्टच्या इतिहासातील बरेचसे तंटे या एका फटीतून उगवले आहेत.

पहिला तंटा खोट्या शेअरचा. किमान मर्यादा ओलांडण्यासाठी काही जण निरुपयोगी मोठ्या फाइली तयार करून ठेवत, काही एकच चित्रपट चार नावांनी मांडत, तर काही जण क्लायंटमध्येच फेरफार करून नसलेला आकडा जाहीर करत. त्यांना पकडण्याचे काम ऑपरेटरांकडे आले; जाळ्याच्या बोलीत त्यांना ‘ऑप’ म्हणत. ऑप संशयिताची फाइल-सूची उतरवून तपासत, अकारण फुगलेले आकडे हुडकत, आणि दोषी आढळलेल्याला ‘किक’ करत, म्हणजे तात्पुरते हाकलत, किंवा ‘बॅन’ करत, म्हणजे कायमचे दार बंद करत. पुढे हे काम ‘बॉट’ नावाच्या स्वयंचलित रखवालदारांकडे सोपवण्यात आले. ‘टोकाएक्स’ यासारख्या हब चालवण्याच्या कार्यक्रमात ‘लुआ’ या छोट्या संगणकभाषेत नियम लिहिता येत, त्यामुळे प्रत्येक हबमालक आपापली स्मृती आणि आपापले दंडविधान रचू शकला. एका हबवर विशिष्ट प्रकारच्या फाइली निषिद्ध, दुसऱ्यावर सार्वजनिक फलकावर फाइलींची मागणी करणे निषिद्ध, तिसऱ्यावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत लिहिणे निषिद्ध, अशी ही छोटी संस्थाने होती आणि त्यांचा कारभार, खरे सांगायचे तर, पुष्कळदा संस्थानिकांइतकाच लहरी असे.

दुसरी अट ‘स्लॉट’ची. आपल्याकडून एका वेळी किती जणांना फाइली उतरवू द्यायच्या, ती संख्या म्हणजे स्लॉट. तीन स्लॉट भरले की चौथ्याला थांबावे लागे. जोडणीचा वेग मर्यादित असल्याने स्लॉट थोडे ठेवावेत हे व्यवहाराला धरून होते. परंतु एक वापरकर्ता एकाच वेळी दहा हबांत बसून तेवढ्याच तीन स्लॉटांच्या भांडवलावर दहाही ठिकाणी दाता म्हणून मिरवू शकत असे. म्हणून जाणत्या क्लायंटांनी वापरकर्त्याच्या वर्णनाला एक खूण जोडली, आणि तिच्यात क्लायंटची आवृत्ती, जोडणीचा प्रकार, उघडलेल्या हबांची संख्या आणि स्लॉटांची संख्या नोंदलेली असे. या खुणेवरून हबमालक ‘हबमागे इतके स्लॉट’ असे प्रमाण लावू लागले. घेण्यापुरतेच येणाऱ्याला ‘लीचर’, म्हणजे जळू, ही शिवी होती. तरीही व्यवस्थेत एक माणुसकीची फट ठेवलेली होती : फाइल-सूची आणि अगदी लहान फाइली यांसाठी वेगळा छोटा स्लॉट असे, त्यामुळे सगळे स्लॉट भरलेले असतानाही दुसऱ्याचे कपाट उघडून पाहता येई.

हे कपाट पाहणे ही डायरेक्ट कनेक्टची खास गोष्ट होती. नंतरच्या ‘बिटटोरेंट’ या दुसऱ्या पीअर-टू-पीअर पद्धतीत मनुष्य एखादी ठरावीक वस्तू शोधायला येई, तर हबमध्ये एखाद्या अनोळखी व्यक्तीचे फोल्डर, त्यांची नावे, त्यांची मांडणी, त्यांतली अर्धवट राहिलेली मालिका हे सारे न्याहाळता येई. आणि मनात नसलेले काही हाती लागण्याची शक्यता शोधापेक्षा या न्याहाळण्यात अधिक असे.

नवागताला सर्वांत जास्त घोळात टाकणारी पायरी मात्र ‘सक्रिय’ आणि ‘निष्क्रिय’ या पर्यायांची होती. ज्या संगणकाकडे बाहेरून थेट जोडणी येऊ शकते तो सक्रिय. जो राउटर किंवा संरक्षक भिंतीच्या आड असल्याने स्वतः बाहेर जाऊ शकतो परंतु कोणाला आत घेऊ शकत नाही तो निष्क्रिय. सक्रिय सदस्याला शोधाची उत्तरे इतरांकडून थेट मिळत, निष्क्रियाची उत्तरे हबमार्फत येत आणि हबवर भार टाकत. दोन्ही बाजू निष्क्रिय असतील तर त्यांच्यात देवाणघेवाण होऊच शकत नसे. त्यामुळे काही हबांनी निष्क्रिय सदस्यांना प्रवेशच नाकारला, आणि सक्रिय म्हणून प्रवेश मिळण्यासाठी राउटरमध्ये पोर्ट कसा उघडावा, हे ज्ञान अनेकांनी प्रथम या निमित्ताने मिळवले.

नोव्हेंबर २००१ मध्ये यात्सेक सिएका यांनी ‘डीसी++’ हा क्लायंट प्रसिद्ध केला आणि या जाळ्याचा मध्य मूळ कंपनीकडून सरकला. डीसी++ जाहिरातमुक्त होता, त्याचा स्रोतसंकेत म्हणजे कार्यक्रमाचे मूळ लेखन सर्वांसाठी खुले होते, आणि काही वर्षांतच तो अतिशय रूढ झाला. खुल्या संकेतामुळे ‘रेव्हकनेक्ट’, ‘स्ट्राँगडीसी++’ अशी त्याची भावंडे निर्माण झाली. ती एकच फाइल अनेकांकडून तुकड्यातुकड्यांनी उतरवत. घेणाऱ्याच्या दृष्टीने ही सोय असली तरी त्यासाठी एकाच माणसाकडून अनेकांचे स्लॉट अडवून ठेवले जात, म्हणून पुष्कळ हबांनी या क्लायंटांवरच बंदी घातली. तुकडे जोडताना वेगळ्याच आवृत्तीचा तुकडा मिसळून फाइल बिघडण्याची भीतीही होती. तिच्यावरचा उपाय २००४च्या सुमारास डीसी++ने आणलेल्या ‘हॅश’मध्ये सापडला. हॅश म्हणजे फाइलीतील मजकुरावरून गणिताने काढलेला ठसा. रॉस अँडरसन आणि एली बिहॅम यांनी १९९५ साली रचलेली ‘टायगर’ ही ठसापद्धती आणि राल्फ मर्कल यांची ठशांचे झाड उभारण्याची कल्पना यांच्या संयोगातून प्रत्येक फाइलीला ३९ अक्षरांची ओळख मिळाली, आणि नाव बदलले तरी फाइल तीच आहे हे ओळखता येऊ लागले. नवागतासाठी मात्र याने प्रवेश लांबला, कारण शेअर केलेल्या सगळ्या फाइलींचे ठसे काढून होईपर्यंत त्याचा संगणक तासन्‌तास डिस्क खरवडत बसे आणि तोवर त्याचे कपाट रिकामेच दिसे.

ज्या ठिकाणी जोडणी वेगवान आणि माणसे परस्परांच्या जवळची होती, तेथे हब विशेष रुजले, आणि अशी ठिकाणे म्हणजे विद्यापीठे. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील वेन चँग यांनी २००४ साली सुरू केलेला ‘आयटूहब’ डायरेक्ट कनेक्टच्याच पायावर उभा होता आणि संशोधनासाठी बांधलेल्या ‘इंटरनेट२’ या अतिवेगवान जाळ्यावरून विद्यापीठांच्या वसतिगृहांना जोडत होता. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या न्यायखात्याने ‘द अंडरग्राउंड नेटवर्क’ या हबसमूहाच्या संदर्भात पाच घरांची आणि एका इंटरनेट सेवा कंपनीची झडती घेतली. या हबांची प्रवेशाची अट एक ते शंभर गिगाबाइट शेअर करण्याची होती. जी अट सदस्यांमधील न्यायासाठी घातली गेली होती, तीच सरकारपक्षाच्या मांडणीत चोरीच्या मालाचा सक्तीचा साठा ठरली. जानेवारी २००५ मध्ये दोघा हबचालकांनी गुन्हा कबूल केला. नॅप्स्टरसारखी सूची हबवर नाही म्हणून हबचालक निर्धास्त आहे, हा समज येथे मोडला. दारावर उभे राहून अट घालणारा माणूस त्या व्यवहारापासून अलिप्त आहे असे म्हणणे कठीण होते. एप्रिल २००५ मध्ये अमेरिकन संगीत उद्योगाच्या संघटनेने आयटूहबच्या संदर्भात १८ विद्यापीठांतील ४०५ विद्यार्थ्यांवर दावे लावण्याची घोषणा केली आणि त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात आयटूहब बंद पडला.

भारतात हबची गोष्ट जोडणीच्या दारिद्र्यातून सुरू होते. २००४च्या ब्रॉडबँड धोरणाने सेकंदाला २५६ किलोबिट एवढ्या वेगालाही ब्रॉडबँड म्हटले होते. त्या वेगाने एका सीडीएवढी, म्हणजे ७०० मेगाबाइटची, फाइल उतरायला सुमारे सहा तास लागतात. याउलट वसतिगृहाच्या अंतर्गत जाळ्यावर सेकंदाला १०० मेगाबिटचा वेग असेल तर तीच फाइल कागदोपत्री एका मिनिटात खोलीतून खोलीत जाते. म्हणून मुंबईतील पवईच्या आयआयटीसह देशातील अनेक अभियांत्रिकी संस्थांच्या वसतिगृहांत डीसी++ हा नव्या विद्यार्थ्याच्या संगणकावर चढणाऱ्या पहिल्या काही कार्यक्रमांपैकी एक झाला. संस्थेची बाहेरच्या जगाशी असलेली जोडणी आणि आतले जाळे या दोन वेगळ्या गोष्टी होत्या आणि हब आतल्या जाळ्यावर राहत असे. बाहेरून एकदा एकाने आणलेली वस्तू आत शेकडो वेळा फिरे. मुंबईच्या आयआयटीने मार्च २००७ मध्ये वसतिगृहांतील इंटरनेट रात्री ११ ते दुपारी १२.३० या वेळात बंद ठेवण्याचे ठरवले, तेव्हा त्याची बातमी परदेशांतही छापून आली, यावरून खोलीतील संगणकाने विद्यार्थिजीवनात केवढी जागा व्यापली होती याची कल्पना येते.

वसतिगृहातल्या हबमध्ये सक्रिय-निष्क्रियतेचा घोळ नव्हता, कारण सगळे एकाच जाळ्यात होते, आणि टोपणनावामागचा माणूस रात्रीच्या मेसच्या रांगेत भेटण्याजोगा होता. तेथे चित्रपट आणि खेळ जसे फिरत, तशा मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका, व्याख्यानांच्या नोंदी आणि मुक्त सॉफ्टवेअरही फिरे. यांतील बराच भाग १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या कक्षेत येणारा होता, हे नाकारता येत नाही. पण त्याची फारशी भीती कोणी बाळगली होती असे दिसत नाही.

मराठी फाइलींची या जाळ्यातील अवस्था मात्र वेगळ्या कारणाने अवघड होती. जुन्या प्रोटोकॉलने अक्षरांची संकेतपद्धती ठरवूनच दिली नव्हती. प्रत्येक संगणक आपापल्या प्रणालीच्या स्थानिक संकेतात नावे पाठवे, आणि विंडोजमध्ये देवनागरीसाठी असा जुना स्थानिक संकेतच नसल्याने देवनागरी नावाच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राही. म्हणजे अभंग असो वा भावगीत, त्याला रोमन लिपीत नाव देणे भाग होते. आणि शोध शब्दशः जुळणीने चालत असल्याने ज्ञानेश्वरांचे नाव एकाने डी-एन-वाय अशा अक्षरांनी, दुसऱ्याने जी-वाय अशा आणि तिसऱ्याने जे-एन अशा अक्षरांनी लिहिले की तिघांच्या फाइली तीन वेगळ्या कोपऱ्यांत पडून राहत. येथे कपाट उघडून पाहण्याची सवय उपयोगी पडे.

पुढे ‘एडीसी’ या सुधारित प्रोटोकॉलने युनिकोडचा संकेत अनिवार्य केला, सदस्याची ओळख टोपणनावाऐवजी ठशावर आधारली, आणि जुन्या आज्ञांतील एक गंभीर दोषही ध्यानात घेतला. ‘माझ्याशी जोड’ ही जुनी आज्ञा कोणाही तिऱ्हाइताचा पत्ता घालून पाठवता येई, आणि २००६-०७ मध्ये या दोषाचा गैरवापर करून हजारो निरपराध क्लायंटांना एखाद्या संकेतस्थळावर एकदम धडकवले गेले. खुद्द हबांची यादी ठेवणारे प्रमुख स्थळही या हल्ल्यातून सुटले नाही. तोवर देवाणघेवाणीचा मोठा ओघ ब्रॅम कोहेन यांनी २००१ साली आणलेल्या बिटटोरेंटकडे वळलेला होता. हबमध्ये जे काम ऑप करत, ते तेथे गणिताकडे होते : जो तुकडे देतो त्याला तुकडे अधिक वेगाने मिळतात, आणि त्याच्या डिस्कवर किती माल आहे याची चौकशी कोणी करत नाही. सावडीतल्यासारखी प्रत्यक्ष कामाची मोजणी येथे आली, मात्र तिच्यासोबत गप्पांचा फलक आणि कपाटे आली नाहीत.

वसतिगृहांत तारांची जागा वायफायने घेतली, आणि पुष्कळ वायफाय जाळ्यांत सुरक्षिततेसाठी एका यंत्राला दुसऱ्याशी थेट बोलू न देण्याची व्यवस्था असते, त्यामुळे हबचा पायाच निघून गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ बाजारात आल्यावर मोबाइल डेटा स्वस्त झाला आणि चित्रपट उतरवून ठेवण्याऐवजी थेट पाहता येऊ लागला. डीसी++ आणि त्याची काही भावंडे अजून उपलब्ध आहेत आणि काही हबही चालू आहेत. परंतु त्यांच्या दारात येणाऱ्या नव्या पिढीतील पुष्कळांच्या फोनमध्ये छायाचित्रांखेरीज स्वतःच्या अशा फारशा फाइली नसतात, आणि किमान शेअरच्या रकान्यात भरण्यासाठी त्यांच्यापाशी आकडा नसतो.